वहीची पहिली ओळ

"देव मानणाऱ्यांनी विज्ञानाच्या गप्पा मारू नयेत." एका जुन्या मित्राने सकाळी हे लिहिलं आणि दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये. खाली वाहवा करणारी सगळी आपलीच माणसं, म्हणून जास्त लागलं.

माझी आई मधुमेही आहे, रोज इन्सुलिन घेते. टोचण्याआधी डोळे मिटते, ओठ हलतात. मग चष्मा लावून पेनवरचे युनिट बघते, आणि खात्री नसेल तर पुन्हा बघते. एका वहीत रोजचे आकडे लिहिते, उपाशीपोटीचे, जेवणानंतरचे. प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत देवाचं नाव. ही वही तिने एका तरुण डॉक्टरपुढे ठेवली. तो पहिली ओळ वाचून हसला. "देवावर एवढा भरवसा आहे तर इथे कशाला आलात?" खालचे आकडे त्याने वाचलेच नाहीत.

त्यानंतर आईने काही विचारणंच सोडलं. पहाटे दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे. वहीत साखरेचे ५८, ६१ असे फार कमी आकडे पडत होते. आम्हालाही बोलली नाही. का, तर "परत हसतील". आता सांगा, विज्ञानावरचा तिचा विश्वास कुणी उडवला? देवाने?

विश्वाची सुरुवात एका आद्य अणूपासून झाली, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये खुद्द पोपना या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिसली. लमेत्र यांना ते रुचलं नाही. माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून वेगळा आहे, हेच ते सांगत राहिले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल तर मठात राहून वाटाण्याची रोपं मोजत होते. मोजताना नीट मोजायचं, प्रार्थनेच्या वेळी प्रार्थना करायची. आईच्या वहीत तरी दुसरं काय आहे?

हो, गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला धर्मसत्तेनेच चालवला. देवाच्या नावाने औषधं सोडायला लावणारे आजही आहेत आणि त्यांची बाजू मी कधीच घेणार नाही. पण त्यांचा राग माझ्या आईवर का काढता?

मित्रा, तुझ्यावर राग आहे, पण तुझी तळमळ मला माहीत आहे. इन्सुलिनचा रेणू तू पाहिलायस का? मीही नाही. आपणही कुणाच्या तरी शब्दावर विसंबतोच. फक्त विज्ञानात शंका विचारता येते, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवं. तेच आईला मिळालं नाही.

शेवटी मीच तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वहीचं पान न् पान उलटलं. एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "आजी, हे ५८ किती वाजताचं?" आई सांगत गेली, त्या ऐकत गेल्या. रात्रीचा डोस कमी केला.

घरी आल्यावर आईने पट्टी घेतली आणि वहीत एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, "वेळ".