चार गाड्या, एक शेगाव

आज शेगावहून गजानन महाराजांचं दर्शन घेऊन आले आणि डोकं अजून भणभणतंय, म्हणून लिहिते. ज्याला राग येईल त्यानं खुशाल यावं भांडायला, घरचेच आहात.

खटलं एक, दर्शन एक, गाड्या मात्र चार! ज्याची त्याची एसी, ज्याची त्याची गाणी. ग्रुपवर लोकेशन टाकत टाकत आम्ही म्हणे सहकुटुंब निघालो. एकाला खामगावला चांदी बघायची होती, एकीच्या पोराची संध्याकाळी ट्युशन. पार्किंगमध्ये भेटलो, फोटो काढला, रांगेत वेगवेगळे लागलो. महाप्रसादालाही एका पंगतीत बसलो नाही. कचोरी पार्सल घेतली आणि पांगलो. मी दारव्ह्याला पोचायच्या आत स्टेटस आलं, "माऊलींच्या कृपेने सगळं कुटुंब एकत्र."

एकत्र?

आमच्या लहानपणी हरभरा सोंगून झाला की भाड्याची कमांडर जीप दारात लागायची. पुढे ड्रायव्हरच्या अंगावर दोघं, मधे आजी, आई, काकू आणि मांड्यांवर पोरं, मागे आडव्या बाकांवर पुरुष. एका साली शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आबा आणि काकांचं बोलणं बंद होतं. दिवाळीचा फराळसुद्धा आम्हा पोरांच्या हातून इकडून तिकडे गेलेला. आजीनं दोघांना मुद्दाम समोरासमोर बसवलं, गुडघ्याला गुडघा. दोघंही हट्टानं बाहेर बघत बसले. ताडपत्री ओढलेली होती, बाहेर दिसत काहीच नव्हतं.

कारंज्याला गुरुमंदिरात थांबलो. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव ओलांडून पुढं जायचं नाही, हा आजीचा नेम. तिथंही एक भाऊ या खांबाला, दुसरा त्या खांबाला.

मूर्तिजापूर सोडलं आणि टायर बसलं. आता कोणी म्हणेल, ताई, जुन्या खड्ड्यांचं कौतुक नको. बरं बाप्पा, नाही करत. त्याच अमरावती-अकोला पट्ट्यात २०२२ साली ७५ किलोमीटर डांबर पाच दिवसांत टाकून गिनेस विक्रम झाला, आज तिथून गाडी पाण्यासारखी जाते. आणि हेही लिहिते, की आई-काकू रस्त्यात जायची सोय नाही म्हणून शेगाव येईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. ते दिवस परत नकोत. एसी पण राहू द्या.

पण ते टायर! ड्रायव्हर होता पोरसवदा, स्टेपनीचे नट त्याला हलेनात. आबा उतरले. जॅक नीट बसेना म्हणून काकाही उतरले. आम्ही पोरं बाभळीच्या सावलीत, आजीचा हरिपाठ सुरू. आणि आबांनी मान वर न करता हात मागे केला, "पाना दे."

बस, एवढंच. काकांनी पाना दिला.

पुढे बाळापूर गेलं, शेगाव आलं, तर दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. साबण नव्हता, माती लावून धुतले तरी निघाले नाहीत. समाधीपुढं दोन्ही भावांनी ते काळे हातच जोडले. त्या दर्शनातलं मला दुसरं काही आठवत नाही, हार नाही, रांग नाही.

कोणाला वाटत असेल की घरी येऊन वाद मिटला. नाही मिटला. मोजणीवाले आलेच, दगड रोवलेच. पण त्यानंतर काकांच्या मळणीला आबा जाऊन उभे राहायचे, न बोलावता.

म्हणून मला आज राग आहे तो गाड्यांचा नाही. आपण चार गाड्या केल्या कारण कोणाला कोणाच्या शेजारी बसायचं नव्हतं, आणि वरून त्याला "सोय" म्हणालो. सगळ्यांना माहीत आहे, कोण कोणाशी बोलत नाही ते. मग देवाजवळ जायचं म्हणजे नेमकं कुठं जायचं? समाधीपासून चार फुटांवर? गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन जन्म रस्त्यावर काढला, २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला तोही वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीपाशी. आपल्या अमरावतीचा माणूस तो. जन्मभर सांगत फिरला की देव माणसात बघा. आणि आपल्याला दोन तास सख्खा चुलतभाऊ सहन होत नाही!

जास्त बोलले का? बोलले असेन. सकाळी थोरल्या वहिनीनं पार्किंगमध्ये माझ्या पोराच्या हातात गुपचूप तिळाची पोळी दिली, तेव्हा खरं तर रडू आलं होतं. तिनं ती नवऱ्याच्या नजरेआड दिली, याचंच जास्त.

तर ऐका. प्रकट दिनाला मी क्रूझर सांगून ठेवते. डिझेल माझं, शिदोरीला पिठलं-भाकरी आणि ठेचा माझा, उलटीच्या पिशव्यासुद्धा माझ्याच. स्वतःची गाडी आणणाऱ्यानं ती कारंज्यात लावून यायचं. मागचे आडवे बाक दोघा भावांचे, समोरासमोर. कोण ते दोघांनाही कळलं आहे. ज्यांना जमेल त्यांनी खाली नाव टाका, आणि "बघतो" असं कोणी लिहू नका.