मानेतले स्क्रू आणि मावशीला आलेला मेसेज

'मानेत स्क्रू बसवून घेऊ नका' असा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. माझ्या मावशीलाही तो आला. जुन्या आमवाताने तिच्या मानेचे वरचे दोन मणके सरकू लागलेत, सर्जननी ते स्क्रूने पक्के करायला सांगितलंय, आणि मेसेज वाचून ती ऑपरेशनची तारीख रद्द करायला निघाली. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा आधी. 'जाणकाराने मानेला एक झटका दिला की मणका जागेवर बसतो.' अहो, तिथे आहे काय ते तरी बघा! दुसऱ्या मणक्यातून दातासारखा एक सुळका वर येतो आणि पहिल्या मणक्याच्या कमानीमागे उभा राहतो. एक आडवा अस्थिबंध (हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा) त्याला मागून धरून ठेवतो. मोठ्या माणसात कमान आणि सुळका यांच्यात साधारण 3 मिलिमीटरपर्यंत फट चालते. आमवातात अस्थिबंध सैल पडतो, मान पुढे वाकवली की फट वाढते, आणि सुळक्याच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो. अशा मानेला झटका दिला तर हातपाय लुळे पडू शकतात, श्वासही बंद पडू शकतो. आणि सैल पडलेला अस्थिबंध झटक्याने घट्ट होणार तरी कसा? सलूनच्या खुर्चीत मान कडकन मोडून घेणंही अशा रुग्णांनी कटाक्षाने टाळावं.

'हे परदेशी खूळ, आपल्यावर प्रयोग चाललेत.' साफ खोटं. पहिल्या मणक्याच्या बाजूच्या जाड भागात आणि दुसऱ्या मणक्यात वेगवेगळे स्क्रू घालून ते पट्टीने जोडायचं तंत्र तेव्हा मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात असलेल्या डॉ. अतुल गोयल यांचं. डॉ. लाहेरींसोबत त्यांनी ते 1994 साली प्रसिद्ध केलं. 2002 मध्ये 160 रुग्णांचा अहवालही मांडला. जर्मनीच्या हार्म्स यांची पट्टीऐवजी सळई वापरायची पद्धत 1994 नंतरची, 2001 ची. जगभरचे सर्जन आज याला 'गोयल-हार्म्स' म्हणतात.

'स्क्रू गंजतो, पुन्हा एमआरआय करता येत नाही.' हे स्क्रू सहसा टायटॅनियमचे असतात; टायटॅनियम शरीरात गंजत नाही, चुंबक त्याला ओढत नाही. स्क्रूभोवतीचं चित्र थोडं बिघडतं, तपासणीआधी कल्पना द्यायची, संपलं.

'स्क्रू सैल होतो.' होऊ शकतो, विशेषतः हाड ठिसूळ असेल तर. म्हणूनच तिथे कमरेच्या हाडाचे तुकडेही भरतात. मणके एकमेकांना जुळले की सगळा भार स्क्रूवर राहत नाही.

'मान वळत नाही' हे मात्र बरंचसं खरं आहे. मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळपास निम्मा भाग याच दोन मणक्यांमधला, तो जातो. मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी (रक्तवाहिनी) ही स्क्रूच्या वाटेला अगदी लागून असते, तो धोका खराच.

मावशीला मी सांगितलंय, तारीख रद्द करण्याआधी सर्जनना एवढं विचार: माझी रोहिणी कुठून जाते ते सीटी अँजिओग्राफीवर (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनवर) दाखवा, स्क्रू मावेल एवढं हाड आहे का, आणि ऑपरेशन नाही केलं तर मज्जारज्जूवरचा दाब किती वाढेल.