घारी, हत्ती आणि बघायला आलेले पाहुणे

आई वणीहून आलीये. त्यामुळे गेले दोन आठवडे रात्री जेवणं उरकली की राहून गेलेलं काहीबाही बघणं चाललंय. तिच्याबरोबर बघायचं म्हणजे सोबत चालू समालोचन फुकट!

'द एलिफंट व्हिस्परर्स' हा माहितीपट तिला फार आवडला. मला बेताचा. मुदुमलाईचं जंगल, रघू नावाचं हत्तीचं पिल्लू, त्याला सांभाळणारे बोम्मन आणि बेल्ली. सगळं देखणं. पण बेल्लीच्या पहिल्या नवऱ्याला वाघाने मारलंय, तिची मुलगी गेलीये, आणि सिनेमा तिथून पटकन पुढच्या सोनेरी संध्याकाळीकडे निघून जातो. ऑस्कर मिळालं २०२३ ला. मिळो बापडं.

त्याच वर्षी नामांकन मिळूनही रिकाम्या हाताने परतलेला शौनक सेनचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट मात्र अजून डोक्यातून जात नाहीये. पहिल्याच दृश्यात रात्रीचं उघडं मैदान, जमिनीलगत सरकणारा कॅमेरा आणि उंदीरच उंदीर. आईने पाय वर घेतले. मग दिल्लीतल्या वझिराबादचं एक तळघर. नदीम आणि सौद हे भाऊ तिथे साबणाचे डिस्पेन्सर बनवतात आणि तिथेच मांजाने पंख कापलेल्या घारींना टाके घालतात. घार मांस खाते म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्याने नाकारली, तिथून हे सुरू झालं. खुर्चीत बसवून घेतलेल्या मुलाखती नाहीत. २०२० ची दंगल घरातल्या बोलण्यातून, बाहेरच्या आवाजातून आत येते. आणि मधेच एक घार झेप घेऊन त्यांच्या मदतीला असलेल्या सालिकचा चष्माच पळवते! एवढं हसलो आम्ही.

तक्रार एकच. काही चौकटी इतक्या नेटक्या आहेत की संशय येतो. आईने तर सरळ विचारलं, "हे नट कोनते आहेत?"

गंमत म्हणजे जयंत सोमलकरचा 'स्थळ' बघताना ती बरोब्बर उलटं बोलली. "असं घरात शिरून शूटिंग कराले कसं देलं या लोकाइनं?" तिला सांगितलं, अगं, हा माहितीपट नाही, रचलेल्या गोष्टीचा सिनेमा आहे. माणसं त्याच भागातली, नवखी आहेत म्हणून तसं वाटतं. चंद्रपूरकडची बोली, कापूस पिकवणाऱ्याचं घर, आणि समाजशास्त्र शिकणारी सविता. बघायला आलेले सगळे पुरुष समोर, मधे ती एकटी. नाव, शिक्षण, उंची, शेतातली कामं येतात का. मग नकार : रंग सावळा, उंची कमी. पुन्हा नवे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. काही जणांना हे लांबण वाटलं म्हणे. अहो, ते लांबणंच तर अख्खा सिनेमा आहे! तिसऱ्या खेपेला मलाच साडी सावरून बसावंसं वाटायला लागलं. कॉलेजातले स्त्री-सक्षमीकरणाचे तास मात्र मला जरा जास्तच ठळक वाटले, टोमणा आधीच कळला होता.

पाहुण्यांच्या पहिल्याच दृश्यापासून आईचं समालोचन बंद. संपल्यावर म्हणाली, "मले पाटावर बसवलं होतं. मान वर कराची सोय नोती."

मी विचारलं, तुला काय काय विचारलं होतं गं?

"नाव. तेवढंच मी सांगतलं. बाकीचं समदं बाबाइनंच सांगतलं."

आणि उठून विरजण लावायला गेली.