दोष फक्त रायडरचा?

'हल्लीचे सायकलपटू बेफाम झालेत, म्हणून अपघात वाढले' हे सायकल शर्यतींतल्या अपघातांवरच्या लेखातलं निदान अर्धवट वाटलं. ५ ऑगस्ट २०२० ची टूर ऑफ पोलंड ही सायकल शर्यत आठवा. काटोविस शहरात शेवटची रेषा चक्क उतारावर आखलेली, वेग ताशी ८० किमीच्या आसपास. ग्रुनेवेगेन या डच रायडरनं आपली सरळ लाइन सोडली आणि शेजारच्या याकोबसेनला रस्त्याकडेच्या कठड्याकडे दाबलं. चूक ग्रुनेवेगेनचीच, त्याला नऊ महिन्यांची बंदीही झाली. पण ते कठडे! माणूस आदळल्यावर त्याला सावरायचं सोडून पत्त्यांसारखे उधळले. याकोबसेन कोमात, बहुतेक दात गेले, चेहऱ्यावर शंभरावर टाके. (पुढच्याच वर्षी पठ्ठ्यानं वुएल्तात (स्पेनची मोठी शर्यत) तीन टप्पे आणि गुणांसाठीची हिरवी जर्सी मारली, ते वेगळं.) त्या उतारावरचा फिनिश धोक्याचा आहे, अशी कुरकुर रायडर आधीपासून करत होते. रस्ता आखणाऱ्याला कोण बंदी घालणार?

हेल्मेटचंही तेच, नियम रायडरलाच. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत पडून किविलेव हा रायडर गेला, मग हेल्मेटची सक्ती आली. आता २०२५ पासून धोकादायक वागण्याला ताकीद म्हणून यलो कार्ड आलंय. ठीक आहे, पण तेही बहुतांशी रायडरच्याच खिशात जाणार.