हेलिके समुद्रात नाही, शेतांखाली आहे

‘ग्रीसमधलं हेलिके शहर इ.स.पूर्व ३७३ मध्ये एका रात्रीत समुद्रात बुडालं, आजही तळाशी तसंच उभं आहे. प्राणी पाच दिवस आधीच पळाले होते. हीच खरी अटलांटिस. तिथे पुन्हा कुणी राहिलं नाही.’ हा मजकूर पाण्याखालच्या खांबांच्या चित्रासह सगळीकडे फिरतोय. वर्ष आणि रात्र बरोबर आहे, पुढचं नाही.

तळाशी उभं? कोरिंथच्या आखातात विसाव्या शतकात ध्वनिलहरींनी तळ तपासणारं ‘सोनार’ यंत्र लावून शोध झाला, शहर मिळालं नाही. घोळ एका शब्दाचा होता. समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा पुतळा ‘पोरोस’मध्ये उभा असून कोळ्यांच्या जाळ्यांना अडतो, असं नावाड्यांनी प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसला सांगितलं होतं. पोरोस म्हणजे अरुंद जलमार्ग. लोकांनी तो आखातात धरला. संशोधक डोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर यांनी तो किनाऱ्याच्या आतलं उथळ पाण्याचं खाजण मानला, मैदानात खोल भोकं पाडून मातीचे नमुने तपासले. २००१ मध्ये तिथल्या रिझोमिलोस गावाजवळ त्या काळातल्या पडक्या भिंती मिळाल्या. त्यांच्यावर बारीक चिकणमातीचा थर, आणि त्यात खाजणाच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं.

प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबोच्या सांगण्यानुसार शहर किनाऱ्यापासून १२ स्टेडिया, म्हणजे सुमारे दोन किलोमीटर आत होतं. मग बुडालं कसं? ते नद्यांच्या गाळावर वसलेलं होतं. भूकंपाच्या जोराच्या धक्क्याने ओल्या वाळूतल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना सोडतात आणि जमीन पेजेसारखी होते. जमीन खचली, वर लाट आली, पाणी साचून राहिलं. पुढे नद्यांनी ते खाजण गाळाने भरून टाकलं. मदतीला आलेल्या २,००० माणसांना प्रेतंसुद्धा काढता आली नाहीत. हे ठाऊक असताना सुबक उभ्या खांबांचं चित्र फिरवणं मनाला लागतं.

उंदीर-साप पळाल्याची गोष्ट रोमन काळातला लेखक एलियन याची, घटनेनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. अॅरिस्टॉटल भूकंपाच्या वेळी दहा-अकरा वर्षांचा होता. तो भूकंप, लाट आणि धूमकेतू नोंदवतो. उंदरांचं नावही घेत नाही.

अटलांटिस? ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपल्या लेखनात ते बुडालेलं बेट जिब्राल्टरच्या पलीकडे आणि ९,००० वर्षांमागे ठेवलंय. हेलिके मुख्य भूमीवरचं, त्याच्या हयातीत बुडालेलं. या घटनेवरून त्याला कल्पना सुचली असेलही, पण तो तर्कच.

आणि ‘पुन्हा कुणी राहिलं नाही’ हे तर उत्खननानेच खोडलंय: त्याच मैदानात भूकंपानंतरच्या शतकांतला कापड रंगवण्याचा कारखाना निघाला, रोमन काळातली इमारत आणि रस्ताही.