गावाचा क्लायमेट प्लॅन करायचाय? मग अमावस्येलाच या

तर तुम्हाला आमच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतीच्या पट्ट्यात, येऊन गावाचा क्लायमेट प्लॅन करून द्यायचाय, छान, या की. अलिबाग-पेणकडच्या खाडीकाठाला सल्ला द्यायला कोण कोण येऊन गेलं, त्यात तुम्ही आलात म्हणून काय बिघडणार. फक्त येण्याआधी दोन गोष्टी ऐकून ठेवा, फुकट सांगतोय.

वर्कशॉपची तारीख तुमच्या टीमच्या सोयीनं ठरवा, गावाला विचारायच्या फंदात पडू नका. विचारलंत तर कोणीतरी म्हातारा बोटांवर हिशोब मांडणार, तिथीची पाऊणपट, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, अमावस्येला सव्वाअकरा, अशी भरतीची वेळ काढणार आणि म्हणणार साहेब त्या दिवशी नको. तुम्ही लक्ष देऊ नका, तुमच्याकडे ॲप आहे, रेंज आली की उघडतंच ते. पावसाळ्यातली अमावस्या धरा आणि वेळ बरोब्बर अकराची ठेवा. त्या वेळेला उधाणाचं पाणी बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, धडका देत असतं, कुठंतरी खांड गेलेली असते, म्हणजे बांधाला भगदाड पडलेलं असतं, आणि अख्खं गाव गोणी, फावडी, पेंढा घेऊन बांधावर चिखलात उभं असतं. तुमच्या हॉलमध्ये ग्रामपंचायतीचा शिपाई, दोन शाळकरी पोरं आणि साठ खुर्च्या. (आषाढातली असली तर गटारी, म्हणजे संध्याकाळचीही आशा नको.) रिपोर्टमध्ये लिहून टाका, समुद्राच्या वाढत्या पातळीबद्दल स्थानिकांमध्ये जागरूकता कमी आढळली.

गावकरी भेटलेच तर ते तुम्हाला उघाडी दाखवायला नेतील, तेवढं सांभाळा. उघाडी म्हणजे बांधातली मोरी हो, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जायला वाट आणि भरतीला खाडीच्या पाण्याच्या जोरानं झडप आपोआप बंद. आता ती झडप गंजून अर्धी उघडी अडकलीय, गाव म्हणतं एक वेल्डर आणि एक दिवस. मान हलवा, फोटो काढा, पण लिहू नका, कारण एक वेल्डर आणि एक दिवस याला जगात कोणी फंडिंग देत नाही. त्याला एकात्मिक किनारी लवचिकता आराखडा म्हणा, तिसऱ्या टप्प्यात टाका, मुदत 2050. तोपर्यंत झडपेचा प्रश्नच राहणार नाही, झडपच राहणार नाही.

एकदा खारं पाणी आत शिरलं की ती जमीन दोन-तीन वर्षं धड भात देत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं क्षार सोसणाऱ्या जाती काढल्यात, पनवेल-1, 2, 3 वगैरे, चांगल्या आहेत, पण मातीतलं खारेपण सोसणं वेगळं आणि रोज दोनदा भरती आत घेणं वेगळं. खांड बुजलीच नाही तर शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवतात, आणि मग खरी मजा. खारफुटी तोडायची नाही, भोवती 50 मीटर बफर ठेवायचा असा मुंबई हायकोर्टाचा 2018 चा निकाल आहे, निकाल योग्यच आहे, मी स्वतः खारफुटीच्या बाजूचा माणूस. पण सातबाऱ्यावर भात, शेतात तिवरं आणि मालक कोयता घेऊन आत गेला की गुन्हा, हे कुठल्या कॉलममध्ये बसवणार? तुम्ही त्यात पडूच नका, ड्रोन उडवा. वरून काय हिरवंगार दिसतं! तोच फोटो कव्हरवर, खाली ओळ, खारफुटी क्षेत्रात लक्षणीय वाढ.

कोणी जुन्या गोष्टी काढेल, की पूर्वी गाव मिळून बांध राखायचं, त्याला जोळ म्हणायचे, घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, नाही गेला तर गाव विचारायचं, मग 1979 साली खार जमिनीचा कायदा आला, बरेच बांध सरकारकडे गेले आणि तेव्हापासून खांड आपली की साहेबांची हे ठरेपर्यंत पुढची अमावस्या येते. हे सगळं पारंपरिक ज्ञान म्हणून एका चौकटीत टाका, मागे फिकट लाटांचं चित्र द्या. बजेटमध्ये टाकू नका.

आणि हो, पूर्वसूचना द्यायला मोबाईल ॲप हवंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या जिल्ह्यावरूनच गेलं, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे, फोनला टॉवर नाही, कितीतरी गावं नुसती अंधारात, बॅटरी चार्ज करायला लोक जनरेटरवाल्याच्या दारात रांगेत. अशा वेळी ॲपशिवाय दुसरं काय उपयोगी पडणार, सांगा. डाउनलोड करायला क्यूआर कोड मात्र हॉलच्या भिंतीवर मोठा लावा.

बाकी समोसे थंड चालतील, टोप्या वाटल्यात तरी चालेल, चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या तर हव्याच. फक्त फ्लेक्समध्ये काटकसर करू नका. दहा बाय वीसचा घ्या, जाड घ्या, चारी कोपऱ्यांना चांगली धातूची भोकं पाडून आणा. मागच्या टीमचा होता ना, 'चला, किनारा वाचवूया', तो आम्ही दुमडून खांडीवर टाकला, बांबूला बांधला, वर गोणी रचल्या, तर दोन उधाणं काढली त्यानं. आता फाटलाय, म्हणून म्हटलं, तुम्ही कधी येताय?