पेसमेकर बसवला म्हणून स्वयंपाकघर बंद करायचं नसतं

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. पेसमेकरवाल्यांनी, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र छातीत बसवलेल्यांनी, मिक्सर, मायक्रोवेव्ह, इस्त्री कशाला हात लावायचा नाही, मोबाईल बंद, मॉलच्या मशीनमधून गेलं की पेसमेकर बंद पडतो आणि डावा हात जन्मभर वर करायचा नाही. माझ्या सासूबाईंना पेसमेकर बसलाय, त्यांनी हे वाचून चहासुद्धा करायचा सोडला, म्हणून लिहितेय.

मिक्सर, फ्रीज, इस्त्री सगळं चालतं. आताच्या पेसमेकरला टायटॅनियमचं कवच असतं, बाहेरचे सिग्नल गाळायची सोय पण आतच असते. चालू वस्तू छातीपासून वीतभर लांब असली की झालं, आणि ओट्यावरचा मिक्सर तेवढा लांब असतोच. बघायचं ते अर्थिंग. वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, तोवर त्या मशीनजवळ जाऊ नका.

मायक्रोवेव्हची भीती जुन्या काळातली, तेव्हाच्या पेसमेकरला असं संरक्षण नव्हतं. आता खुशाल वापरा.

उलट इंडक्शनचं त्या मेसेजमध्ये नावच नाही! चालू इंडक्शन आणि पेसमेकर यांच्यात निदान 60 सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतात, म्हणजे दोन फूट, आणि ओट्याशी उभं राहून ढवळताना तेवढं अंतर राहत नाही. घरात गॅस असेल तर गॅसवरच करा ना.

मोबाईल वापरायचा, फक्त पेसमेकरपासून 15 सेंटीमीटर लांब आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला. शर्टाच्या खिशात नको, आणि बायकांनो, ब्लाऊजमध्ये तर अजिबात नको, आपल्यातल्या कितीतरी जणी तिथेच ठेवतात. इअरफोनच्या डबीत पण लोहचुंबक असतं, तिलाही हाच नियम. चुंबक अगदी जवळ आलं तरी पेसमेकर सहसा बंद पडत नाही, ठरलेल्या एका वेगाने ठोके देत राहतो आणि चुंबक लांब गेलं की पूर्ववत होतो.

मॉलच्या दारातून न थांबता सरळ चालत जा, सिक्युरिटीवाल्यांना पेसमेकरचं कार्ड दाखवा, त्यांच्या हातातलं मशीन छातीवर धरून ठेवू नका म्हणून सांगा.

आता हाताचं. यात थोडं खरं आहे म्हणून जास्त गोंधळ होतो. पेसमेकरची वायर हृदयात नीट रुजायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले साधारण 4 ते 6 आठवडे पेसमेकरच्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, वजन उचलायचं नाही. म्हणजे गॅलरीत वरच्या दांडीवर काठीने चादरी वाळत घालणं नाही, माळ्यावरचे डबे, पाण्याची बादली, सिलेंडर नाही, आणि लोकलमध्ये त्या हाताने वरचं हँडल धरणं तर नाहीच, गर्दीत हिसका बसतो. पण भाजी चिरा, पोळ्या लाटा, केस विंचरायला डोकं खाली घ्या. हात अजिबातच हलवला नाही तर खांदा आखडतो, सासूबाईंचा तसाच आखडला आणि मग फिजिओथेरपी करावी लागली. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की हात वर करा, कपडे वाळत घाला.

1958 साली स्वीडनमध्ये अर्ने लार्सन यांना जगात पहिल्यांदा शरीराच्या आत पेसमेकर बसवला, ते 2001 पर्यंत जगले हो!

एखाद्या वस्तूजवळ चक्कर आली, धडधडलं तर लगेच लांब व्हा. तरी थांबलं नाही, किंवा जखम लाल झाली, सुजली, तर ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. शॉक देणारं एआयसीडी मशीन बसवलं असेल तर त्याचे नियम आपल्या डॉक्टरांकडून वेगळे विचारून घ्या.